खुंटीवरचा शर्ट

१

घरात मशीन आली त्या दिवसापासून गंगाराम तांडेलाने तिच्याशी अबोला धरला होता. मागच्या पडवीतून जाताना तिच्याकडे पाठ करून जायचा. देवबागेत एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये मूठभर वाळू आणि माड. अशा ठिकाणी कपडे धुवायला यंत्र कशाला, हा त्याचा सवाल. पण सून दीपिका घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देत होती. रोज चादरी, रोज टॉवेल. ती एकटी किती आपटणार, हे म्हाताऱ्याला कळत होतं. कळत होतं म्हणूनच राग जास्त.

त्या दिवशी दीपिका मालवणच्या बाजाराला निघाली. संध्याकाळी सांगलीची माणसं उतरणार होती. स्कूटरवर बसता बसता तिने सांगितलं,

"बाबानू, चादरी मी येवन लावतंय. तुम्ही मशीनीक हात लावू नकात."

"कित्या? चावता ती?"

"ती चावणा नाय. तुम्ही तिका चावशात म्हणान सांगतंय."

स्कूटर गेली. गंगाराम पुढच्या खोलीत आपल्या खुर्चीवर बसला आणि त्याची नजर दाराच्या मागे गेली. तिथे खुंटी होती, आणि खुंटीवर मितेशचा निळ्या चौकड्यांचा शर्ट.

मितेश म्हणजे त्याचा एकुलता मुलगा, दीपिकाचा नवरा. हरिश्चंद्राच्या ट्रॉलरवर गेला होता. निघताना अंगातून काढलेला शर्ट खुंटीला टांगायचा आणि माणूस परत येईपर्यंत त्याला पाणी लावायचं नाही, ही गंगारामच्या बायकोची, रुक्मिणीची रीत. अंगाचा वास घरात राहिला की माणसाला वाट सापडते म्हणे. गंगाराम बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान, होता तोपर्यंत त्याचाही शर्ट तिथे लटकायचा, आणि परत आला की तो तिला हसायचा. "मी दंडाच्या जोरार येतंय गो. वासार येता तां कुत्रा." रुक्मिणी गेली. पण दीपिकाने ती रीत उचलली. पोरगी दोडामार्गची, काजू आणि रबराच्या मुलखातली, दर्या तिने लग्नानंतरच जवळून पाहिला. तरी खुंटीच्या बाबतीत मासेमाऱ्यांच्या घरात जन्मलेल्या गाबतिणीपेक्षा कडक.

शर्टाला घामाचा, मासळीचा कुबट दर्प येत होता. सांगलीची माणसं याच दारातून आत येणार. नाक मुरडतील आणि मोबाईलवर लिहितील, की घरात घाण वास. गंगाराम उठला. एकदा हात थांबला. मग स्वतःलाच एक शिवी हासडून त्याने शर्ट काढला.

करायचं तर पुरतं करायचं, हा त्याचा स्वभाव. चादरींबरोबर त्याने मितेशची उशीची खोळ घेतली, पंचा घेतला, दोरीवरची लुंगी घेतली, आतल्या पेटाऱ्यातले त्याचे जुने कुबट कपडेही ओढून काढले. सगळं मशीनच्या गोल तोंडात कोंबलं. दीपिका करते तसं पूड घातली, दार लावलं, बटण दाबलं.

मशीन फिरायला लागली. "ह्या काय कठीण?" तो म्हणाला, आणि चहा बशीत ओतून पीत बसला.

बशी रिकामी व्हायच्या आत मशीन थांबली.

२

आधी त्याला वाटलं, वीज गेली. पण पंखा फिरत होता. मग नळ पाहिला. नळाला पाणी होतं. काचेच्या गोल दारातून आत पाहिलं, तर अर्ध्यावर पाणी, वर फेस आणि पांढऱ्या चादरींचा गोळा. दार ओढलं, उघडेना. कुलपाचं लाल चित्र तेवढं पेटलेलं.

आता दीपिका यायच्या आत शर्ट बाहेर काढून, उन्हात वाळवून, परत खुंटीला लावायचा होता. शिव्यांना तो भीत नव्हता. ती शिव्या द्यायची नाही. नुसती बघायची. रुक्मिणीसारखी.

त्याने मालवणच्या विकीला फोन लावला. मशीन त्यानेच बसवली होती.

"विकी, गंगाराम बोलतंय. देवबागसून."

"बोला काकानू. मशीन काय?"

"तुका कसा कळला?"

"मगे माका जेवणाचा आमंत्रण देवक फोन केल्यात? खंय थांबली? धुताना की पिळताना?"

"मधीच."

"मधीच म्हणजे?"

"मधीच म्हणजे मधीच, मेल्या! चलता चलता माणूस थांबता तशी."

"पाणी आसा भितर?"

"अर्धा."

"मगे पाण्याक वाट गावना नाय. खाली कोपऱ्यात झाकण आसा, तां उघडा. भितर फिरवूचो फिल्टर. नाणा, पिन, वाळू, कायतरी अडाकला असताला. पुढ्यात परात ठेवा. आणि पयली वायर काढा. तुमका शॉक लागलो तर लोक माका बोलतले."

"लोकांका आनंद होतलो," गंगाराम म्हणाला आणि फोन ठेवला.

वायर काढली. लाल चित्र विझलं. परात सरकवून, गुडघे मोडून तो खाली बसला आणि झाकण उघडून फिल्टर फिरवला. पाणी आलं. साबणाचं कोमट पाणी येईल असं धरून त्याने हात पुढे केला आणि झटकन मागे घेतला.

पाणी गार होतं. विहिरीचं असतं तसं गार नव्हे. हाडात शिरणारं.

फिल्टर बाहेर आला. त्यात नाणं नव्हतं, पिन नव्हती. काळा, लोण्यासारखा मऊ चिखल होता, आणि त्यात शिंपल्यांचा पांढरा चुरा. गंगारामने तो दोन बोटांत चोळला. देवबागेत प्रत्येक घरात वाळू असते, ताटात असते, अंथरुणात असते. ही वाळू नव्हती. खाडीचा गाळही नव्हता. त्याला कुजका वास येतो, याला वासच नव्हता. हा चिखल त्याने उभा जन्म पाहिला होता. जाळं फार खोल गेलं, जमीन दिसेनाशी झालेल्या पाण्यात तळाला घासलं, की जाळ्याच्या पायाला लागून हा वर येतो.

त्याने बोटाला जीभ लावली. खारट. उठून नळाचं पाणी चाखलं. गोडं.

"शर्टाच्या खिशात असताला," तो मोठ्याने म्हणाला. मितेश खोल पाण्यातच जातो ना. पण शर्ट तर घरी काढून ठेवलेला होता. बोटीवर गेलाच नव्हता. मग पेटाऱ्यातल्या कुठल्या तरी जुन्या कपड्यात असेल, त्याने मनाची समजूत घातली, आणि ती मनाला फार काळ पुरली नाही.

३

परात भरली, ओतली. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. माडाच्या मुळात पाणी ओतून ओतून तिथे डबकं झालं. कंबर धरली. पाण्याची धार बारीक होईना, आणि काचेतून बघावं तर आतलं पाणी होतं तिथेच. अर्ध्यावर. बोटभरही उतरलं नव्हतं.

नळ त्याने केव्हाच बंद केला होता. मग हे येतं कुठून?

त्याने फिल्टर घट्ट बसवला आणि परात पालथी घालून तिच्यावर बसून दम खाल्ला. दुपारची वेळ. खाडीत वारा नव्हता. दिवाळीनंतरचं शांत पाणी, आरशासारखं. पर्यटकांच्या होड्याही जेवायला थांबलेल्या. एवढी सामसूम की माडावरून पडलेलं झावळ ऐकू यावं. आणि त्या सामसुमीत त्याला मशीनमधून आवाज आला.

डुबुक.

थोड्या वेळाने परत. डुबुक.

त्याने काचेला डोळा लावला. आतलं पाणी हलत होतं. मशीन बंद, वायर काढलेली, आणि पाणी संथपणे एका अंगाला चढायचं, काचेच्या काठाला लागायचं, थांबायचं, मग दुसऱ्या अंगाला उतरायचं. फेसासकट, चादरींसकट. घाई नाही. ही चाल गंगाराम ओळखत होता. इंजिन बंद करून बोट उभी केली की बोटीच्या पोटातलं पाणी असंच झुलतं. खालून लांब लाट जाते, बोट उचलते आणि ठेवते.

पडवी कललीय, त्याने स्वतःला सांगितलं. खाडीच्या पाण्याने खालची वाळू हलत असेल, जमीन थरथरत असेल. खरंखोटं करायला म्हणून त्याने पाण्याने काठोकाठ भरलेला लोटा मशीनच्या डोक्यावर ठेवला.

लोट्यातलं पाणी ढिम्म होतं. त्यात माडाचं झावळ दिसत होतं, न मोडता. आणि त्याच्या खाली, काचेच्या आत, लाट चढत होती, उतरत होती.

४

स्कूटरचा आवाज आला. दीपिका पुढच्या दाराने आत आली, आणि पिशव्या ठेवल्याचा आवाज आलाच नाही. गंगाराम पडवीत उभा राहून वाट बघत होता. मग ती आली. पिशव्या अजून हातातच.

"शर्ट खंय, बाबानू?"

त्याने हनुवटीने मशीन दाखवली.

"धुवन झालो?"

"मधीच थांबली. दार उघडना नाय."

ती पुढे झाली. तिनेही काचेतून पाहिलं. झुलणारं पाणी तिला दिसलं हे गंगारामला तिच्या मानेवरून कळलं. एका लाटेबरोबर मान एवढीशी डावीकडे गेली आणि परत आली.

"आणि काय टाकलात भितर?"

"खोळ. पंचो. लुंगी. जुने कपडे."

"सगळा?"

"सगळा म्हणजे जां घाण होता तां."

"बाबानू," ती हळू म्हणाली, "तेच्या अंगाचा घरात आता कायएक ऱ्हवला नाय."

"शिरा पडो त्या खुंटयेर! मी चाळीस वर्सां दर्यार गेलंय. वासार इलंय काय?"

"शर्ट तर दर वेळी होतो ना खुंटयेर? मगे तुमका काय म्हायत?"

गंगारामने परात उचलून भिंतीला टेकवली. तिने मितेशला फोन लावला. लागला नाही. मग बोटीचा मालक हरिश्चंद्र, मालवणला घरी बसून वायरलेसवर बोटीशी बोलणारा, त्याला लावला आणि आवाज मोठा केला.

"सगळे बरे आसत गो," हरिश्चंद्र म्हणाला. "निवतीच्या दिव्याच्या भायर आसत. फक्त इंजिन बंद पडलां. चलता चलता मधीच. कारण गावना नाय. वारो नाय, लाटो नाय, बोट नुसती उभी ऱ्हवान झुलता. घाबरू नको. सुरू होतला."

दीपिकाने फोन खाली केला. काचेच्या आत पाणी काठाला लागलं. डुबुक.

५

इंजिनं बंद पडतात. गंगारामच्या हयातीत किती पडली आणि किती त्याने लाथ घालून सुरू केली. मशीन इकडे थांबली आणि इंजिन तिकडे, हा योगायोग. दर्यावर रोज शंभर इंजिनं थांबतात. असं तो स्वतःशी बोलत होता आणि बोलता बोलता त्याने विकीला परत फोन लावला होता.

"फिल्टर साफ केलंय. चलना नाय."

"मगे कपडे एकमेकांत गुंडाळले असतले काकानू. चादरी टाकल्यात? ओल्या चादरींचो एका बाजूक गोळो झालो की ती थांबता. वायर लावा, बटण दाबून धरा. एक हिसको दितली, गोळो सुटतलो."

गंगारामने वायर लावली. लाल चित्र पेटलं.

"थांबा," दीपिका म्हणाली. "बाबानू, नको. हरिश्चंद्राक विचारूया आधी, बोटयेर काय चल्लाहा."

"शर्ट भायर काढूक होयो की नको? भितर ऱ्हवान काय होतला?"

"माका म्हायत नाय. म्हणानच सांगतंय, थांबा."

आयुष्यात कुणी थांब म्हटल्यावर तो थांबला नव्हता. त्याने बटण दाबून धरलं.

आत काहीतरी गुरगुरलं. मशीनचं आतलं पिंप एकदाच, अर्धं फिरलं. चादरी ओढल्या गेल्या, आणि आतून एक जड, बोथट दणका आला, मशीनचे पाय जमिनीवरून उचलले जातील असा. मग सगळं बंद. वर ठेवलेला लोटा पडला आणि घरंगळत दारापर्यंत गेला.

पाणी ढवळून काळं झालं होतं. त्या काळ्यातून निळा चौकडा वर आला. शर्टाची बाही. ती काचेला चिकटली आणि मनगटापर्यंत भरत गेली. हवेने फुगते तशी नाही. हवेने कापड गोल होतं. ही बाही एका जागी बारीक होती, कोपराशी जाड होती. मग चादर आडवी आली आणि काही दिसेना.

दीपिकाचा फोन वाजला.

"गंगाराम आसा थंय?" हरिश्चंद्राचा आवाज बसला होता. "तेका खाली बसव आणि आयक. बोटीच्या पंख्यात जाळा गुंडाळलेला. तां सोडवूक मितेश कमराक दोरी बांधून पाण्यात उतारलो. इंजिन बंद, चावी बोटीवरच्या तांडेलाच्या खिशात. तरी पंखो फिरलो. आपसूक. अर्धोच. एक हिसको."

"मगे?" दीपिका म्हणाली.

"दोरी वर ओढली. गाठ तशीच आसा गो. मितेश नाय."

६

त्यानंतरचं गंगारामला सरळ आठवत नसे. दीपिका घरभर फिरत होती एवढं आठवे. रडत नव्हती. उशी हुंगत होती, गादी हुंगत होती, कपाटातले कपडे काढून हुंगत होती. सगळे धुतलेले. सगळ्यांना त्याच पुडीचा, पाकिटावरच्या फुलांचा वास.

खुंटी रिकामी होती. दाराच्या मागे तेवढा एक खिळ्यासारखा लाकडाचा तुकडा. त्याच्याकडे बघताना गंगारामला वाटलं, की आपण रात्रीच्या वेळी बोटींना वाट दाखवणारा निवतीचा दिवाच विझवलाय.

त्याने सदरा ओढून काढला, खालचा बनियन काढला. पहाटेपासून अंगात असलेला, घामाने पिवळा झालेला. तो खुंटीला टांगला.

"बाबानू, ह्यो तुमचो वास," दीपिका म्हणाली. "तेचो न्हय."

"बापाचो आणि झिलाचो वास काय वेगळो असता? एकच रगात."

"वेगळो असता," ती म्हणाली. "माका म्हायत आसा. मी दोघांचेय कपडे धुतंय."

पण तिनेही तो खुंटीवरून काढला नाही. दुसरं होतं काय?

ऊन उतरायला लागलं तेव्हा फोन आला. हरिश्चंद्र रडत आणि हसत होता. मितेश मिळाला. बोटीच्या पलीकडच्या अंगाला, काठ धरून लटकलेला. पाण्यातून वर येताना कुणी पाहिलं नाही. धडधाकट आहे. इंजिनही सुरू झालंय. उद्या सकाळी घरी.

दीपिका मटकन खाली बसली. गंगारामने बोटाने डोळे पुसले आणि सांगलीच्या माणसांना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं, तेही सवयीप्रमाणे दमात. मशीनकडे बघायला दोघांनाही सुचलं नाही. वायर तेवढी त्याने काढली होती.

७

या घरात कोण आलंय ते दारावरून कळायचं. मितेश दार ठोठावताना बोटं वापरायचा नाही. हात मासळीने चिकट असायचे म्हणून मनगटाने ठोकायचा, मऊ, दोनदा. गंगाराम कधीच ठोकायचा नाही. त्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट तरुणपणी दोरखंडात सापडून आकड्यासारखं वाकलं होतं. ते फटीतून आत घालून तो बाहेरूनच कडी काढायचा. दुसऱ्या कुणाला ते जमत नसे. मितेशने लहानपणी खूप खटपट केली होती.

सकाळी दोघं पुढच्या खोलीत वाट बघत होते. दाराला कडी होती. बाहेर वाळूत पावलं वाजली, पायरीवर चढली.

मग कडी हलली. वर उचलली गेली आणि पडली. दार उघडलं.

मितेश आत आला. तोच चेहरा, तेच खांदे, डोळे खाऱ्या पाण्याने लाल झालेले. दीपिका पुढे झाली आणि दोन पावलांवर थांबली. तो तिच्याकडे न बघता वळला, दार लोटलं, आणि खुंटीवरचा बनियन काढून अंगात घातला. मग गंगारामच्या खुर्चीवर बसला आणि खाकरला. दोनदा बारीक, एकदा मोठं. गंगाराम गेली कित्येक वर्षं सकाळी उठल्यावर असाच खाकरत होता.

"चाय घाल गो," तो दीपिकाला म्हणाला.

चहा आला. त्याने तो बशीत ओतला. बशी धरलेल्या उजव्या हाताचं पहिलं बोट वाकडं होतं.

"बोटाक काय झाला?" गंगारामने विचारलं.

"दोरीत गावला. पाण्यात."

होतं असं. गंगारामचंही असंच झालं होतं. पण त्याचं बोट तेव्हा भोपळ्यासारखं सुजलं होतं, महिनाभर काळंनिळं होतं. हे बोट सुजलं नव्हतं. त्यावर ओरखडाही नव्हता. वाकड्या पेरावरची कातडी जुनी, घट्टे पडलेली होती.

पाण्यात माणूस मरता मरता वाचला, तर बदलतो थोडा, गंगाराम स्वतःला म्हणाला. देवाची कृपा समज आणि गप बस. पण दिवसभर त्याला आपल्याच घरात बसायला जागा सापडेना. जिथे जावं तिथे मितेश आधीच बसलेला.

८

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मितेश पुढच्या खोलीतून ओरडला, "ती मशीन खाडीत टाका. यंत्राची कसली माया? विकीक फोन करतंय, टेम्पो घेवन येवंदे."

शब्द गंगारामचे होते. मशीन आली त्या दिवशी त्याने हेच म्हटलं होतं.

गंगाराम मागच्या पडवीत गेला. दीपिका मशीनसमोर जमिनीवर बसली होती. तिचे डोळे खोल गेले होते.

"मी काल चुलीकडे झोपलंय," ती खालच्या आवाजात म्हणाली. "खोलयेत जावक नाय."

"बरा केलंस."

"कालपासना आयकतंय मी. तुम्हीय आयका."

काचेत पाणी झुलत होतं, पण पहिल्यासारखं निवांत नाही. लाट लहान झाली होती, थकल्यासारखी. चादरी तळाला गेल्या होत्या. आणि मग आतून काचेवर आवाज आला. बोटांचा नाही. मऊ. दोनदा.

गंगाराम तिच्या शेजारी बसला. मग त्याने आपलं मनगट काचेवर टेकलं आणि दोनदा ठोकलं. लगेच उत्तर आलं, घाईने, न थांबता, दोन, दोन, दोन.

"फोडूया?" दीपिका म्हणाली.

"नको. पाणी भायर गेला तर तो खंय जातलो? तेका वाट व्हयी गो. तेची वाट मीच धुवन टाकलंय." त्याने तळवा काचेवर पसरला. "घरात तेच्या अंगाचा बोटभर जरी काय असता..."

दीपिका त्याच्याकडे बघत राहिली. मग एकदम उठली. मागच्या अंगणात, माडाखाली, मितेशची मोटरसायकल झाकून ठेवलेली होती. तिने ताडपत्री उचलली आणि आरशाला लटकवलेलं हेल्मेट काढलं. उलटं करून नाकाला लावलं, आणि परवापासून पहिल्यांदा रडली. आतली गादी केसांच्या तेलाने आणि घामाने काळी झाली होती. हेल्मेट कोण धुतं?

"खुंटयेर लाव," गंगाराम म्हणाला. "तो बसलो आसा पुढे. भियां नको. सरळ जा, लाव, आणि तशीच भायर जा. मागे बघू नको."

ती गेली. गंगाराम ऐकत राहिला. तिची पावलं, मधलं दार, खुंटीला प्लास्टिक लागल्याचा आवाज. दार उघडलं, ती बाहेर वाळूत उतरली.

खाकरणं अर्ध्यात थांबलं.

मग त्याची खुर्ची करकरली. कुणीतरी उठलं होतं.

आणि इकडे, काचेच्या आत, पाणी स्थिर झालं. लोट्यातल्यासारखं ढिम्म. वायर भिंतीवर गुंडाळून ठेवलेली होती, मशीनला वीज नव्हती, तरी दाराच्या कुलपात 'कट्' असा आवाज झाला.

गंगाराम उठला आणि मशीनकडे पाठ करून उभा राहिला. या घरात ती आल्यापासून तो तिच्याकडे पाठ करूनच होता. आता त्याचं तोंड मधल्या दाराकडे होतं. तिथून पावलं येत होती. उजवा पाय किंचित ओढणारी. त्याचा स्वतःचा उजवा पाय थंडीत असा ओढला जातो.

"बाबानू," पावलं म्हणाली. "बाजूक व्हा."

गंगाराम हलला नाही. पाठीमागे बिजागरी कुरकुरली. गार हवा पाठीला लागली, खोल पाण्यावरची, जमिनीचा वास नसलेली. टाचांना पाणी लागलं.

मधल्या दारात बनियनची कड दिसली.

गंगारामने समोरची नजर काढली नाही. नुसता हात मागे केला, लहान पोराला पाण्यातून चालवताना करतात तसा. "धर," तो म्हणाला.

बराच वेळ हात रिकामाच राहिला. मग ओला, बर्फासारखा हात त्याच्या तळव्यात येऊन टेकला. त्याने मूठ मिटली. पहिलं बोट शोधलं आणि पेरापेराने चाचपून पाहिलं.

बोट सरळ होतं.